झाकलेली सुरी

१२ जाने., सोम.

...अंगण झाडून झालं होतं. चुलीतली राख काढून सुपात ठेवली होती, कारण शेजारची पार्वता रोहू आणते म्हणाली होती आणि राख लावल्याशिवाय मासा हातात ठरत नाही. तांदूळ निवडायचे राहिले होते. हे पायरीवर बसून सुरीला धार लावत होते. आधी मोठा दगड, मग बारीक, मग नुसतं पाणी. मग पातं नखावरून पुढे नेलं, मागे आणलं. डोळे मिटून. मी म्हटलं, पाय उचला, तिथे झाडायचं आहे. त्यांनी पाय उचलले, डोळे मिटलेलेच. "लागत नाही कुठे," म्हणाले आणि सुरी पेटीत ठेवली. गुरुवारी कोंबडा कापायचा होता. बुधवारी हे गेले.

चार वर्षं झाली, पण ती सकाळ अशी मधूनच सुरू होते. आज नोमीचा फोन आला म्हणून पुन्हा आठवली.

नोमी म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. तिची आई गेल्यावर पाचवीपासून दहावीपर्यंत इथे नवेगावला आमच्याकडेच होती. आता गोंदियात कॉलेजात चित्रकला शिकवते. प्रदर्शन करते आहे. तिची चित्रं आणि आपल्या बेने इस्राएल ज्यू घरांतल्या वस्तू. नाव 'शालोम : घरातली शांतता'. अलिबागहून टांगायचा काचेचा दिवा येतो आहे, पेणहून मलिद्याचं ताट, कोणाकडून रोटीवर झाकायचा भरतकामाचा रुमाल.

"आणि तुझ्याकडून काकांची सुरी, काकी."

म्हटलं, शांततेच्या प्रदर्शनात सुरी?

"तेच तर. लोक थांबतील, विचारतील."

उद्या सांगते म्हटलं.

१४ जाने., बुध.

नोमी आली. तिळाच्या वड्या खाल्ल्या, पार्वताने पाठवलेल्या. मग वही काढून बसली. काकी, तू तुझ्या शब्दांत सांग, मी तसंच पाटीवर लिहिणार.

सांगितलं ते असं. जनावर कापताना त्याला धार कळता कामा नये. सुरीला केसाएवढी खाच असेल तरी ती ओढते, फाडते, आणि मग ते मांस आपल्याला चालत नाही. म्हणून कापण्याआधी नखावर तपासायची, कापल्यावर पुन्हा तपासायची. हे आपल्या मामांकडून शिकले, त्यांच्यासमोर परीक्षा दिली, तेव्हा मामांनी ही सुरी हातात दिली. इकडे आपलं दुसरं घर नाही, सिनेगॉग नाही. मत्स्य खात्याची नोकरी घेऊन तळ्याकाठी आले तेव्हा मांस खायचं तर स्वतः कापायचं, नाहीतर मासा. मासाही खवल्यांचाच. तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांना पाठ झालं होतं. बिनखवल्यांचा मांगूर निघाला की म्हणायचे, हा सायबाचा नाई.

नोमी लिहीत होती. मी म्हटलं, हेही लिही, तीस वर्षांत ह्यांनी तिला खाच पडू दिली नाही. आणि ही शेवटची धार त्यांच्या हातची आहे. त्यानंतर सुरी चालवलीच नाही. बाई-माणसाने कापायची आपल्यात रीत नाही, मी मासाच खाते.

जेवणाच्या टेबलावरच्या सुरीचंही विचारलं तिने. ती सुरी निराळी, भाजी-फळाची. जेवण झाल्यावर प्रार्थनेआधी तिच्यावर फडकं टाकायचं. लोखंड आयुष्य तोडतं, आणि जेवायची जागा म्हणजे वेदी. वेदीच्या दगडाला लोखंड लावायचं नव्हतं. देवाशी शांततेचं बोलताना हत्यार समोर नको. फक्त शब्बाथला, शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विसाव्याच्या दिवशी, झाकत नाहीत. ते फडकंही नोमीने मागितलं. निळ्या दोऱ्याचं, माझ्या हातचं. दिलं.

पेटी उघडून सुरी दाखवली. नोमीने काही न सांगता अंगठ्याच्या नखावर फिरवली. दहा वर्षांची असताना ह्यांनी शिकवलं होतं.

"लागत नाही कुठे," म्हणाली. अगदी त्यांच्यासारखी.

मी म्हटलं, कोणाच्या हातात द्यायची नाही.

"काकी, पेटीतून मीच काढणार, मीच ठेवणार."

दिली.

१६ जाने., शुक्र.

दिवा लावला. मनुकांचं शरबत केलं. जेवण, प्रार्थना. कपाटात पेटीची जागा चौकोनी दिसते, बाजूला धूळ आणि मध्ये स्वच्छ. पुसलं नाही.

दुपारी पार्वता येऊन गेली. शेजारीण, तळ्यावर नवऱ्याबरोबर जाळं ओढून म्हातारी झाली.

"कायले देल्ली वो सुरी? तू त कोणाले हातबी लावू देत नोयतीस."

म्हटलं, नोमी कोणी परकी आहे का?

"परकी नोये. पन शहरात गेली ना."

काहीतरीच बोलते. शहरात गेलेल्या तिच्या मुलीचा राग माझ्या पुतणीवर.

२० जाने., मंगळ.

आज उद्घाटन. गुडघा सुजला आहे, बसने जाववलं नाही. संध्याकाळी नोमीचा फोन.

"छान झालं, काकी. खूप लोक आले."

सुरी?

"छान आहे. सगळे तिथेच थांबत होते."

आवाज थकलेला. साहजिक आहे. फोटो पाठवले. तिची चित्रं मोठी आहेत, भिंतभर. एकात नुसता अंगठा आहे आणि नखावर पात्याची कड. अंगठा ह्यांचाच. नखावरची उभी रेघसुद्धा बरोबर, जाळ्याला लावलेल्या शिशाच्या गोळ्यांत सापडून पडली होती ती. किती वेळ बघत बसले.

मग सुरीचा फोटो. छोट्या चौरंगावर ठेवली आहे, भोवती दोरी. आणि तिच्यावर माझं फडकं. मूठ तेवढी बाहेर.

हे काय केलं पोरीने? फडकं टेबलावरच्या सुरीचं. कापायची सुरी आमच्या घरात कधी टेबलावर आलीच नाही, झाकायचा प्रश्न कुठे. गेल्या बुधवारीच सांगितलं. आणि तिला सांगायचीही गरज नव्हती, सहा वर्षं ह्या घरात जेवली आहे.

२१ जाने., बुध.

फोन करून विचारलं.

"काकी, ते कलेच्या दृष्टीने आहे. झाकलेली सुरी म्हणजे शांतता. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं."

पण ते खरं नाही ना.

"पाटीवर तुझं सगळं लिहिलं आहे ना. बस झालं. क्लास आहे माझा, ठेवते."

मला कलेतलं कळत नाही. सातवी झाले, पुढचं सगळं ह्यांच्या कपाटातून आणि गावच्या वाचनालयातून. पण जी पोर अंगठ्याची रेघ विसरली नाही ती हे कसं विसरेल. विसरली नाहीच. मग काय?

जे पातं बघायला बोलावलं तेच झाकायचं कशाला.

२३ जाने., शुक्र.

नोमीचा फोन नाही. दर शुक्रवारी दिवा लावायच्या आधी करते, कॉलेजात होती तेव्हापासून.

पार्वताला फोटो दाखवला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"कापड टाकलं म्हंजे कापडाखाली काई असन. मी मासोयीवर पान कवा टाकतो? सकायची, बासी असली म्हंजे."

हसले. मग हसू राहिलं नाही.

रविवारी जाते.

२५ जाने., रवि.

सकाळच्या बसने. कोहमाऱ्याला बदलली. नोमीला सांगितलं नव्हतं.

हॉल मोठा, थंड. दारातच अलिबागचा दिवा, पाणी-तेल काही न घालता कोरडाच टांगलेला. मलिद्याचं ताट रिकामं. एका चित्रात जेवणाचं टेबल, चार माणसं, डोकी खाली, आणि मधोमध कापडाचा छोटा उंचवटा. तिथे खरोखर बरं वाटलं. आमचंच घर आहे ते. वाटलं, मी उगाच आले, पोरीने इतकं प्रेमाने केलं आहे.

चौरंगापाशी चौकीदार उभा होता. मी दोरीजवळ थांबले तर आपणहून सांगू लागला.

"अम्मा, ये वही छुरी है. उद्घाटन के दिन बड़े साहब ने इसी से फीता काटा. कैंची मिल ही नहीं रही थी, तो मैडम ने ये दे दी. अखबार में भी फोटो आया."

म्हटलं, कोणत्या मॅडमने?

"अपनी मैडम ने."

पाटी वाचली. माझेच शब्द आहेत, मोठ्या अक्षरात. तीस वर्षांत हिला खाच पडू दिली नाही. धार ह्यांच्या हातची. खाली माझं नाव, मिर्याम, नवेगाव बांध.

नोमी आतून आली. मला बघून थांबली. हसायला गेली.

मी म्हटलं, फडकं काढ.

"काकी, घरी चल ना आधी. चहा घे."

काढ म्हटलं.

तिने काढलं. मी सुरी घेऊन नखावर नेली. मध्यापासून दोन बोटांवर अडकली. मागे आणली, तिथेच अडकली. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही इतकी. नख म्हणतं, आहे.

सुरी परत ठेवली. नोमीने फडकं परत टाकलं. तिथे लोक होते, शाळेची पोरं होती. मी दोरीपासून मागे झाले.

२६ जाने., सोम.

रात्री तिच्याकडे राहिले, सकाळी निघून आले. रस्ताभर झेंडे, शाळेची पोरं. गुडघा फार दुखतो आहे. काल चहा घेताना काय काय बोललो ते लिहून ठेवते.

"कैची कोणीतरी नेली, काकी. सगळे ताटकळले. साहेब हात पुढे करून उभे. फोटोवाला म्हणाला, मॅडम, ती शांतीवाली सुरी द्या ना, भारी येईल."

"आणि तू दिलीस."

"दिली."

"फितीत काय होतं?"

"काठाला तार होती. मला नंतर कळलं."

"नखावर कधी बघितलंस?"

"लगेच. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हाच."

म्हणजे फोनवर 'छान झालं' म्हणाली तेव्हा तिला माहीत होतं. 'कलेच्या दृष्टीने' म्हणाली तेव्हाही.

"तुला सांगून काय झालं असतं? तू रडली असतीस. मी रडले असते. प्रदर्शनाची सगळी मजा गेली असती. मी तुझ्यासाठी झाकलं, काकी. काकाच सांगायचे ना, घरात शांतता राहावी म्हणून देवानेसुद्धा म्हातारीचं बोलणं बदलून नवऱ्याला सांगितलं?"

ती गोष्ट ह्यांनी तिला ह्याच पायरीवर सांगितली होती. मी आत भाकऱ्या थापत होते.

"जेवतेस ना?" म्हणाली. भूक नाही म्हटलं. भूक होती.

२७ जाने., मंगळ.

धर्मग्रंथ काढून ती गोष्ट वाचली. मूल होणार हे ऐकून म्हातारी हसते, म्हणते, आता कसलं मूल, माझा नवरा म्हातारा झाला. देव नवऱ्याकडे जातो आणि एवढंच सांगतो की ती स्वतःला म्हातारी म्हणाली. नवऱ्याला लागेल ते वाक्य गाळलं.

पण देवाने ते दोघांसाठी केलं. त्याचं स्वतःचं काही झाकायचं नव्हतं.

हे परवाच सुचायला हवं होतं. बसमध्ये सुचलं असतं तरी फोन केला असता. आता वहीला सांगते आहे.

पार्वताला सांगितलं.

"फीत कापली? त्या सुरीनं? मंग उद्या भेंड्या कापतीन." मग हळू आवाजात, "मले वाटलंच होतं. पन तुले सांगाचं कसं."

सगळ्यांनाच मला सांगायचं कसं असा प्रश्न पडतो.

तिनेच मग कोंबड्याची आठवण काढली. गुरुवारी कापायचा होता तो. मी तिला देऊन टाकला होता. तिने कापला नाही. "सायबाच्या नावाचा होता, कसा कापू? म्हातारा होऊन मेला." चार वर्षांत हे मला आज सांगितलं.

२८ जाने., बुध.

नोमीचा फोन.

"बाजारात एक धारवाला आहे, काकी. एका दिवसात खाच घासून काढतो. नव्यासारखी होईल. काही दिसणार नाही."

तिला कसं सांगू. खाच निघेल हे मलाही ठाऊक आहे. ह्यांचे दोन्ही दगड इथेच आहेत, घासली की सुरी पुन्हा चालेल, धर्माने काही अडत नाही. पण खाचेइतकं पातं सबंध घासावं लागेल आणि मग ह्यांच्या हातची धार सबंध जाईल. राहिलेलं सगळं. कपडे दिले, चष्मा दिला, चप्पल मीच जाळली. हाताचं काम म्हणून तेवढं एकच उरलं होतं, तेही कोणाला न दिसणारं, नुसतं नखाला कळणारं.

एवढं बोलले नाही. नको म्हटलं, हात लावू नकोस.

"मग तुला काय हवं आहे?"

पाटीवर माझं नाव आहे, ते खोटं झालं आहे, ते काढ.

"आता पाटी बदलली तर लोक विचारतील. रविवारी समारोप आहे, तेच साहेब येणार आहेत. चार दिवस, काकी. मग सगळं तू म्हणशील तसं."

म्हटलं, त्या साहेबांना ठाऊक आहे का, त्यांच्या हातून काय झालं?

"त्यांना कशाला सांगायचं? त्यांना वाईट वाटेल."

त्यांनाही शांतता. मला शांतता. सगळ्यांच्या शांततेसाठी एक फडकं पुरलं.

३० जाने., शुक्र.

दिवा लावला. नोमीचा फोन आला, दिव्याच्या आधी, पूर्वीसारखा. शब्बाथ शालोम म्हणाली. मीही म्हटलं. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

जेवण झाल्यावर टेबलावरची सुरी उघडीच. आज झाकत नाहीत. ह्यांना एकदा विचारलं होतं, आजच का नाही? म्हणाले होते, आज लोखंडाची भीती नाही म्हणून. मी म्हटलं होतं, मग रोज झाकून भीती जाते का? तर म्हणाले, जात नाही, पण आपण तिला विसरत नाही, प्रार्थनेपुरतं बाजूला ठेवतो. दोन्हींत फरक आहे.

तेव्हा मला ते शब्दांचे खेळ वाटले होते. भांडी घासायची होती, मी उठले होते.

नोमीवर राग आहे का, असं पार्वता विचारते. राग सोपा असतो. पोर दहा वर्षांची होती तेव्हा एकदा माझ्या बांगड्या तळ्यात पाडल्या आणि धावत येऊन सांगितलं होतं, रडत, धापा टाकत. मी तिला कुशीत घेतलं होतं. त्या पोरीला काय झालं? मी काय केलं की तिला वाटलं, काकीला खरं सांगण्यापेक्षा झाकलेलं बरं?

की मी काहीच केलं नाही. तिला तेव्हा ते साहेब, टाळ्या, फोटो, हेच मोठे वाटले. असंही असेल. हे दुसरं जास्त लागतं.

२ फेब्रु., सोम.

शनिवारी शब्बाथ संपल्यावर नोमीने फोन केला. रडत होती. म्हणाली, मी चुकले काकी, पण उद्या काही करू नकोस. समारोप होऊ दे. परवा मी स्वतः सुरी घेऊन येते, तुझ्या पाया पडते, मग आयुष्यभर बोल मला. माझी नोकरी आहे तिथे. तूच घडवलंस मला, तूच माझी फजिती करशील का?

म्हटलं, नोमी, तू मला विचारते आहेस की सांगते आहेस?

"विनंती करते आहे."

म्हटलं, सुरी देताना मीही विनंतीच केली होती.

मग तिनेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गोंदियाला गेले. हॉलमध्ये खुर्च्या मांडत होते. नोमी दारात पाहुण्यांसाठी हार घेऊन उभी होती, तिने मला आत जाताना बघितलं, अडवलं नाही. मी दोरी ओलांडली, सुरीवरचं फडकं उचललं, घडी घालून पिशवीत ठेवलं. चौकीदाराकडून खडू मागून घेतला आणि पाटीवरच्या माझ्या शब्दांखाली लिहिलं, 'आता खाच आहे.' सुरी तिथेच उघडी ठेवली आणि बसस्टँडवर येऊन बसले.